लाल साप आणि आमची गुप्त मराठी

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाजवळ एक हुकमी हत्यार असतं, ते म्हणजे मराठी! दुकानदार असो की घरमालक, त्याच्या तोंडावर बायकोशी बिनधास्त बोला. समोरच्याला ओ की ठो कळत नाही. मयूर विहारात आल्यापासून सोफा, पडदे, जुनी मारुती, सगळं मी याच हत्याराच्या जोरावर घासाघीस करून घेतलं. मग साप घेणं काय अवघड?

हो, साप! नववीत पहिली आलीस तर कुत्रा सोडून काहीही देईन, असं मी आमच्या लेकीला, पूर्वीला, बोलून बसलो होतो. कार्टी आली पहिली! आणि तिने साप मागितला. तोही लालभडक, अंगावर ठिपका नको, नवख्या माणसाला झेपेल असा. साडी घेतानासुद्धा इतक्या अटी कुणी घालत नाही!

आपल्याकडचे साप पाळायला कायद्याने बंदी. पण नोएडाच्या एका नव्या टॉवरमध्ये श्याम सक्सेना नावाचे बँक ऑफिसर परदेशी जातीचे, बिनविषारी साप वाढवतात, हा शोध पूर्वीने इंटरनेटवर लावला. माणूस पारखल्याशिवाय ते साप देत नाहीत म्हणे.

"मी बोलेन. तुम्ही दोघी फक्त माना डोलवा," मी मायलेकींना बजावलं.

सक्सेनांनी चहा दिला आणि विचारलं, "पहले कभी साँप रखा है?"

"अरे, बिल्कुल! पुणे में तीन-तीन थे जी!" मी म्हणालो आणि हसतमुखाने बायकोकडे वळलो. "मीनाक्षी, सापशिडी सोडून मी साप पाहिलेला नाही. तू चेहरा सरळ ठेव."

"अहो, खोटं कशाला?" ती कुजबुजली.

"कुजबुजू नकोस, संशय येतो! मोठ्याने बोल!"

सक्सेनांनी डबा उघडला. आत करंगळीएवढं पिल्लू. तांबूस, पाठीवर पुसट डाग. "बिगिनर के लिए यही ठीक है. बड़ा होगा तो दाग मिट जाएँगे, पूरा लाल हो जाएगा."

"थापा मारतोय टकल्या!" मी पूर्वीला गोड आवाजात सांगितलं. "न खपलेला माल गळ्यात बांधतोय."

"बाबा, प्लीज यार! खरंच होतो तो लाल, मी वाचलंय!" तिचे डोळे भरून आले. वर्षभर टीव्हीला हात न लावता अभ्यास केला होता पोरीने. पण मला चेव चढला होता ना! "भाईसाहब, बड़ावाला दिखाइए!"

सक्सेना उठून आत गेले आणि चार फुटी लालचुटुक साप आणून अलगद माझ्या हातांवर ठेवला. "लीजिए. आपको तो आदत है."

साप सरळ माझ्या बाहीत शिरला!

"आई गं! मेलो! काढ याला! चावला, चावला!" मी सोफ्यावर चढलो. चहा गालिच्यावर.

"चावला नाही, साहेब. घड्याळाच्या पट्ट्यात तुमचीच कातडी अडकली आहे," सक्सेना म्हणाले. स्वच्छ मराठीत! "आणि ओरडू नका. तो घाबरलाय."

मी सोफ्यावरूनच खाली वाकलो. "तुम्हाला... मराठी...?"

"पहाडगंजच्या मराठी शाळेत होतो दहावीपर्यंत. घराजवळ तीच होती. तिथे टकल्या नव्हते म्हणत, तेव्हा केस होते."

पूर्वीने पुढे होऊन, खालून आधार देत, सापाला बाहेर काढलं. तो तिच्या हातावर निवांत पडून राहिला. "अंकल, आता तुम्ही आम्हाला पिल्लू देणार नाही ना?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला!

"पिल्लू तुझंच. आजच ने," सक्सेना म्हणाले. "पण किंचाळणारा माणूस घरात असला की ते खाणार नाही. बाबांना दर रविवारी माझ्याकडे शिकायला पाठव."

पिल्लू आठवड्यात रुळलं आणि पोटभर खाऊ लागलं. मी अजून दर रविवारी नोएडाला जातो. परवा सक्सेना उसासा टाकून म्हणाले, "सापाचं राहू द्या, उल्हासराव. आपण गोगलगायीपासून सुरुवात करू!"