ताटातून काय गेलं?

डॉक्टरबाईंनी आबांच्या स्मरणशक्तीसाठी सांगितलेला खेळ अगदी साधा होता. ताटात घरातल्या चार-सहा वस्तू मांडायच्या, आबांना नीट बघू द्यायच्या, वर रुमाल टाकायचा, त्याआडून एक वस्तू हळूच काढायची आणि विचारायचं, काय गेलं? आबा रोज मन लावून बघत आणि रोज एकच उत्तर देत, "चमचा." कंगवा गेला तरी चमचा, कात्री गेली तरी चमचा. आणि चमचा समोर धडधडीत दिसत असला तरी चमचाच.

म्हणून आबांची थोरली लेक, ताई, बघायला येणार म्हटल्यावर त्यांच्या धाकट्या मुलाने ठरवलं, आज चमचाच काढायचा. लबाडीच होती, पण करतो काय बिचारा? धाकट्याला आणि त्याच्या बायकोला आबांचं करणं झेपत नाही, त्यांना संस्थेत ठेवू या, असं ताईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिथली एक खाट तिने धरूनही ठेवली होती. आबा घरातून गेले असते, तर त्या दोघांना घास गिळवला नसता.

पण ताई कसली ऐकते. तिने आपल्या गाडीची किल्ली ताटात ठेवली आणि हीच काढ म्हणून भावाला डोळ्यांनी खुणावलं. झालं, धाकट्याचं अवसानच गळालं. त्याने रुमालाआडून किल्ली मुठीत घेतली खरी, पण तेवढ्यात आत दूध उतू चाललं. तो धावला, गॅस बंद केला, दुधाची उघडी पिशवी फ्रिजमध्ये टाकली आणि परत आला. रुमाल उचलला. आबांनी ताट निरखून बघितलं.

"चमचा," ते म्हणाले.

ताई रागावली नाही, आणि तेच वाईट होतं. ती शांतपणे उठली आणि म्हणाली, किल्ली दे, निघते मी. धाकट्याने मूठ उघडली. मूठ रिकामी.

मग जी शोधाशोध सुरू झाली म्हणता! सोफ्याच्या गाद्या निघाल्या, चपला झटकून झाल्या, ताईने स्वतःची पर्स जमिनीवर ओतली. बायकोने विचारलं, आत गेला होतात तेव्हा कुठे ठेवली? धाकटा छातीठोकपणे म्हणाला, मी आत गेलोच नव्हतो. शेवटी तिनेच फ्रिज उघडला. किल्ली अंड्यांच्या खणात गारठून पडली होती.

धाकटा खाली मान घालून उभा राहिला. इतका वेळ आबा त्याच्याकडेच बघत होते. त्यांनी ताईला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"तू जीव टांगणीला लावू नकोस, पोरी. याचं हे असं होतं हल्ली. पण मी आहे ना इथे. याला टाकून मी कुठे जात नाही."

ताईला हसू आणि रडू एकदमच आलं. ती आबांच्या शेजारी बसली, त्यांचा हात धरून, पुष्कळ वेळ. बायकोने चहा टाकला. तेवढ्यात संस्थेतून फोन आला, खाट ठेवायची का द्यायची दुसऱ्याला?

"द्या," ताई म्हणाली. "वडिलांना नाही जमायचं यायला. त्यांना धाकट्याकडे बघावं लागतं."