कपडा कोण वाटणार?

भोईरशेठ सकाळी ऑफिसात आले की 'गुड मॉर्निंग' वगैरे म्हणत नाहीत. टेबलाशी थांबतात, आपल्याला वरून खाली न्याहाळतात आणि विचारतात, "उद्या काय घालशील?"

हा प्रश्न ते मॅनेजर मॅडमना विचारतात, चहावाल्याला विचारतात, कुरिअर घेऊन आलेल्या अनोळखी माणसालाही विचारतात. बरं, उत्तर दिलं की सुटका नाही. दुसऱ्या दिवशी तपासायला येतात. एकदा मी 'निळा' म्हणालो आणि करडा शर्ट घालून गेलेलो, तर दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. "संदेश, शब्द दिलेलास तू," एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले.

आमची पंपांचे सुटे भाग विकणारी कंपनी ठाण्यात वागळे इस्टेटला आहे. मी डोंबिवलीहून येतो, शेठ बाळकुमहून. ते डिस्पॅच बघतात, म्हणजे माल गाडीत नीट चढला की नाही ते. त्यांना शेठ उगाच म्हणत नाहीत. बाळकुमला त्यांच्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत. नोकरीची गरज शून्य. दारात पांढरी मोठी गाडी आहे आणि माणूस येतो बसने. का, असं विचारलं तर म्हणतात, "गाडीत कोन बोलतं?"

कपड्यांत त्यांचे दोनच प्रकार. ऑफिसला पांढरा शर्ट, पांढरी पँट. समारंभाला हळदीचा शर्ट. हे हळदीचे शर्ट म्हणजे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या आगरी भावकीत लग्न ठरलं की घरचे लोक कापडाचा अख्खा तागा आणतात, टेलर घरी बोलावून सगळ्या भावाभावांची मापं घेतात, आणि हळदीला झाडून सगळे पुरुष एकाच रंगात. शेठकडे असे शर्ट कपाटभर. पोपटी, गुलबक्षी, जांभळा. प्रत्येकाला नाव आहे. "हा पिंट्याच्या हळदीचा. हा मोठ्या पुतण्याचा."

गेल्या वर्षी कंपनीच्या वार्षिक समारंभाला ते मोठ्या पुतण्याची हळद घालून आले. गुलबक्षी, छातीवर टिकल्या. हेड ऑफिसच्या एका साहेबाने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ऑर्केस्ट्रा किती वाजता सुरू होणार?

म्हणून यंदा मेलमध्ये ठळक अक्षरांत आलं : ड्रेस कोड, स्मार्ट कॅज्युअल. आणि मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. यंदा दीर्घ सेवेबद्दल शेठचा स्टेजवर सत्कार होता. "टिकल्या दिसल्या तर सत्कार डिस्पॅचमध्येच उरकेन," मॅडम म्हणाल्या. "तुझं ऐकतात ते. तू बघ." शेठ माझं ऐकतात हा शोध त्यांनी कुठून लावला, देव जाणे.

मी बाहेर येतो तो शेठ माझ्या खुर्चीत, हातात मेलची प्रिंट.

"ह्यात रंग लिवायचा राहिला," ते म्हणाले.

"रंग नसतो शेठ. आपल्याला हवं ते घालायचं. फार नटलेलं नको, गबाळंही नको."

"आनि कपडा कोन वाटणार?"

"कोणी वाटत नाही. ज्याने त्याने आपापला आणायचा."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "जो तो येगला येणार? मग आपली मानसं कंची, ते कसं कळणार?"

त्या दिवसापासून माझं डोकं फिरवायला त्यांना एक विषय मिळाला. स्टेजवर माझ्याबरोबर अजून कोण? कोणी नाही, तुम्ही एकटेच. एकटाच? एकटेच. तू येशील का वर? मी कशाला येऊ? जेवताना तेच, बसस्टॉपपर्यंत तेच. मध्येच कँटीनमध्ये त्यांनी माझ्या पाठीवर वीत टाकली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. विचारलं तर म्हणाले, "बारीक झालास." मी बारीक झालो नव्हतो. माझी बायको साक्ष देईल.

शेवटी एका शनिवारी त्यांना गोखले रोडला घेऊन गेलो. पोट झाकेल, उंची देईल, वयाला शोभेल असा शर्ट हवा, हे मी दुकानदाराला हळूच सांगितलं. त्याने एकाहून एक शर्ट काढले. शेठनी एकालाही हात लावला नाही. "रेडिमेड म्हंजे एकट्याचा कपडा," म्हणाले आणि शेजारच्या कापडाच्या दुकानात शिरले. तिथे मात्र मी हट्टाला पेटलो. फिकट आकाशी, साधं सुती कापड, बारीक उभी रेघ. शेठचा सावळा चेहरा त्यात खरंच उजळून दिसत होता. आरशात बघून ते स्वतःही जरा लाजले.

"पाच मीटर द्या," ते म्हणाले.

"शेठ, शर्टाला अडीच पुरतात."

"कमी पडायला नको."

वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मला धाकधूक वाटायला लागली. हा माणूस ऐनवेळी टिकल्या काढणार. ऑफिस सुटल्यावर मी थेट बाळकुमला त्यांच्या घरी गेलो. गल्लीच्या तोंडापासूनच बँजो वाजत होता. शेठच्या घराला लागून असलेल्या घरासमोर मांडव, आणि मांडवात म्हातारे, तरुण, पोरं, सगळे मोरपंखी शर्टांत नाचत होते. शेठ आपल्या ओट्यावर बसलेले. अंगात ऑफिसचा पांढरा शर्ट.

"कोणाची हळद?" मी विचारलं.

"सख्ख्या भावाच्या पोराची."

वहिनी चहा ठेवून आत गेल्या. खाडीकडचा एक तुकडा बिल्डरला द्यायला शेठनी सही केली नव्हती, त्यावरून भावांनी बोलणं टाकलं होतं, हे ऑफिसात मी उडत उडत ऐकलेलं. घराघरांत चालतं, म्हणून सोडून दिलेलं.

"आमंत्रन आलेलं," शेठ म्हणाले. "पत्रिका टाकून गेले. पन टेलर आलेला ना, तो हितून पुढं गेला. मना कोनी माप नाय विचारलं."

बँजोवर नवं गाणं लागलं. शेठचा पाय आपोआप ठेका धरायला लागला आणि मग थांबला. मला फार वाईट वाटलं. चहा छान झालाय म्हणालो. शर्टाचा विषय न काढताच परत आलो.

दुसऱ्या दिवशी घोडबंदर रोडच्या हॉलवर मी लवकर पोचलो. यंदा मी स्वतःवर मेहनत घेतली होती. मेंदी रंगाचं जॅकेट, आत काळा टीशर्ट. बायको म्हणालेली, मॅनेजर दिसतोस. हेड ऑफिसची मंडळी येणार होती, आणि मॅनेजर दिसण्याची मला नितांत गरज होती.

शेठ आले. फिकट आकाशी शर्ट, बाह्या बेताने दुमडलेल्या, एकही टिकली नाही. मॅडमनी मला लांबूनच अंगठा दाखवला. मी सुटलो असं वाटलं, तेवढ्यात शेठनी हातातली पिशवी पुढे केली.

"तुझं माप विचारलं नाय मी," ते म्हणाले. "बोटांनी घेतलं. घालायलाच पायजे असं नाय हां. बसतंय का बग फक्त."

पिशवीत तसाच आकाशी शर्ट होता. तीच बारीक रेघ.

आकाशी रंग मला अजिबात शोभत नाही, मी त्यात आजारी दिसतो. हे सगळं मी हॉलच्या बाथरूममध्ये आरशासमोर उभा राहून मोठ्याने म्हटलं, आणि जॅकेट पिशवीत कोंबलं. शर्ट अंगावर असा बसला की माझ्या डोंबिवलीच्या टेलरने शिवलेला एकही कधी बसलेला नाही.

बाहेर आलो तर ऑफिसातले फिदीफिदी हसले. हेड ऑफिसच्या त्याच साहेबाने विचारलं, तुम्ही दोघे केटरिंगचे का? मी हो म्हणालो. मग शेठचं नाव पुकारलं. ते स्टेजच्या पायऱ्यांवर थांबले, मागे वळले, गर्दीत मला शोधलं, आणि सापडल्यावर सरळ वर गेले. फोटोत ते हसतायत, पण कॅमेऱ्याकडे बघून नाही.

आता ऑफिसच्या दिवाळी पूजेचं ठरतंय. काल मी हेड ऑफिसशी फोनवर बोलत होतो, तर शेठ गळ्यात टेप अडकवून टेबलाशी हजर. मी कपाळाला आठ्या घातल्या, फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, आणि दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिलो.