कौतिक आबांनी मोटार पारखिली त्याची हकीकत

श्रीगणेश आणि बैलबाजारचा म्हसोबा ऐसी दोन्ही दैवते स्मरून, जे डोळां देखिले आणि जे कानी ऐकिले, त्यात पदरचा मीठमसाला न घालिता, क्वचित घातलाच तर चवीपुरता, हे वर्तमान लिहिले आहे. शके अठराशे छप्पन, भावनाम संवत्सर, कार्तिक मास. दिवाळी सरोन फराळाचे डबे रिकामे जाहले, ते समयी कसबे पारोळे येथील समस्त रयतेने खलबत केले, जे धरणगावच्या इस्टेशनास बैलगाडीने जाता आगगाडी नित्य निघोन जाते आणि मग माणूस दुसरे दिवसाच्या गाडीची वाट पाहात फलाटावर निजते, हा जुलूम किती काळ सोसावा. आणि सर्वानुमते ठरले की गावाने मोटार घ्यावी, परंतु घेण्याआधी पारखून घ्यावी.

पारखीची कामगिरी राजमान्य राजश्री कौतिक आबा यांजकडे आली. आबांनी बैलास ‘चालेल’ म्हटले की घेणारा त्याचे दातदेखील पाहात नसे, ऐसा त्यांचे शब्दाचा दरारा. मोटार मात्र त्यांनी आजवर धुरळ्यातच पाहिली होती. समागमे दोन सरदार नामजाद जाहले: नूर महंमद मिस्त्री, गाडीच्या चाकांस लोखंडी धाव चढविणारे, ज्यांस लोखंडाचे दुखणे नुसत्या आवाजाने कळे, आणि झुंबरबाई अक्का, दह्यादुधाच्या बळावर अर्धे पारोळे जिंकलेल्या.

तिकडे गनीम कोण म्हणाल, तर जळगावच्या मोटारी विकणाऱ्या एका पेढीचे गुमास्ते सुकदेवराव, मुक्काम पिंप्राळे, आबांचे सख्खे जावई. पेढीच्या धन्याने त्यांस फर्माविले होते की पारोळेकरांनी मोटार नापास केली तर तुमची चाकरी खलास. सबब पंच पिंप्राळ्यास दाखल होताच सुकदेवरावांनी आपले घरी चहा आणि जिलबी यांचा मातबर मोर्चा लाविला. या जिलबीने आजवर तीन गावचे पंच गारद होऊन मोटारीत न बसताच शिफारस लिहून देते जाहले होते.

परंतु आबांपुढे मोर्चा ढासळला. लेकीस मूल होईतो बापाने तिच्या घरचे पाणीदेखील घेऊ नये हा रिवाज, आणि आबांची लेक बेबाबाई अद्याप आठव्या महिन्यात. आबांनी पेला परत केला आणि हुकूम केला की विकणाऱ्याचे घरी पंचांपैकी कोणीच काही घेऊ नये. नूर महंमद मिस्त्री जिलबीस दुरून सलाम करून मागे सरले. त्यांचे दुःख आम्ही लिहू शकत नाही.

अंगणात तीन मोटारी उभ्या होत्या, पैकी पहिलीस झेंडूचा हार. आबांनी ती सोडून कोपऱ्यातली, ताडपत्रीखालची मोटार काढविली, कारण विकणारा जो बैल पुढे करतो तो कधी घेऊ नये, हा त्यांचा चाळीस वर्षांचा दंडक. अक्कांनी धर्मशाळेत रात्री विरजलेले दह्याचे मडके मांडीवर घेतले आणि मोटारीत चढू गेल्या, तो पायरी इतकी उंच की नऊवारीनिशी दोघांनी वर ओढावे लागले. सुकदेवराव हाकू लागले. मिस्त्रींनी कान लाविला. आबांनी मोटार मुद्दाम गिरणा नदीच्या वाळूत उतरविली, आणि उतारावर एकाएकी ‘थांबवा!’ म्हणून गर्जना केली. तेव्हा मोटार थांबली खरी, परंतु वाटेत असत्या तर आबांच्या अंदाजाने दोन बैलगाड्या आणि एक म्हैस चिरडून मग थांबली असती. अक्कांनी फडके उचलून पाहिले. दह्याचे पार ताक जाहले होते.

परत येताच बेबाबाई दारात उभी. म्हणाली, "आबा, तुम्ही नापास करी दिधी ते यासनी नोकरी जाई."

आबा म्हणाले, "पोरी, आज मी खोटं बोलनू ते उद्या बठ्ठा गाव वाळूमा अडकी."

आणि निवाडा लिहविला: पायरी उंच, थांबणे लांब, दही मोडले, सबब नापास, सुधारून ठेविल्यास फाल्गुनात पुन्हा पाहू. धनी बहुत संतापला, परंतु पारोळ्याने नाकारलेली मोटार आसपास कोणी घेणार नाही हे जाणून त्याने गुमास्त्यास फाल्गुनापावेतो जीवदान दिले. सुकदेवरावांनी मिस्त्रींस दुरुस्तीस बोलाविले, तर मिस्त्रींनी साफ जाब दिला की स्वतः केलेले काम स्वतः कसे पारखावे. बेबाबाईस बाळंतपणास त्याच खेपेस पारोळ्यास न्यायचे होते. ती गाडीत बापाशेजारी बसली आणि सारी वाट एक शब्द बोलली नाही.

मार्गशीर्षात तिला पुत्र जाहला. फाल्गुनात ती बाळासह पिंप्राळ्यास परतली, आणि मागोमाग पंचांची स्वारी दाखल जाहली. सुकदेवराव चहाचा पेला घेऊन सामोरे आले. "आबा, आते नातू व्हयना. आते चहा पेवाले कसानी हरकत शे?"

हा हल्ला बिकट. पूर्वी रिवाजाची ढाल होती, ती नातवाने हिरावून घेतली. पहाटेपासून आबांच्या पोटात चहाचा थेंब नव्हता, आणि चहा म्हणजे त्यांचा जीव. लेक दाराआडून पाहात होती. आबांनी पेला हाती घेतला, वास घेतला, आणि ओट्यावर ठेवून दिला.

"निवाडा व्हऊ दे, मंग पिसू."

मग पुन्हा हारवाली सोडून कोपऱ्यातली मोटार, पुन्हा गिरणेची वाळू, पुन्हा गर्जना. अक्का आपल्या पायाने चढल्या. म्हैस वाचली. परत अंगणात येऊन फडके उचलिले, तो दह्यावरची साय जशीच्या तशी. अक्कांनी मडके सर्वांस फिरवून दाखविले आणि आबा मोठ्याने वदले, "चालेल." सुकदेवराव तिथेच मटकन खाली बसले आणि रडू लागले, मिस्त्री जिलबीवर तुटून पडले.

आबा ओट्याकडे गेले. चहा तसाच होता, गार, वर जाड साय, त्यात एक मुंगी. बेबाबाई दुसरा करू म्हणाली, आबांनी ऐकिले नाही. एका दमात सारा रिचविला. चहा बहुत वाईट होता. आम्ही पातेल्यात उरलेला चाखून पाहिला आहे. साखर चौपट, आणि धुराचा वास.

"कसा शे, आबा?" लेकीने पुसले. चार महिन्यांत बापाशी ती आपणहून प्रथमच बोलली.

"झकास शे," आबा म्हणाले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. बैल, गाई, चाके आणि मोटार मिळोन आबांनी हयातीत जे हजारो निवाडे दिले, त्यात खोटा ऐसा हा एकच, आणि तो आम्ही दप्तरी बिनतक्रार दाखल करीत आहो.