भिसे सरांची बुरशी

आमचे शेजारी भिसे सर दारात आले की चहा मागत नाहीत. विचारतात, "काय सडलंय का?"

एकदा माझे सासरे जेवायला बसले होते, तेव्हासुद्धा विचारलं. बायकोनं दार असं आपटलं की कडीच निघून आली. पण सरांना कशाचं काय! केजला मी शिकवतो त्याच कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवतात आणि घरी बुरशी पाळतात. हो, पाळतातच म्हणायचं. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, मिळेल ते कुकरमध्ये शिजवायचं, लोणच्याच्या बरणीत भरायचं आणि वर बुरशी चढवायची. ज्या गावचं भुसकट, त्या गावचं नाव बरणीला. "नांदूरघाटची लई गुणाची हाय. चकलांब्याची नुस्ती झोपती!" भुसकटाच्या पोत्याचा वास सुटला म्हणून एसटीच्या कंडक्टरनं दोनदा खाली उतरवलं, तर सर त्यालाच समजावत बसले.

समजावणं एकच. बुरशी भुसकट पचवायला जो रस सोडते, त्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. मग खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आणायचं, काचेच्या नळीत गोठवायचं, त्यावर तो रस सोडायचा आणि घड्याळ घेऊन बसायचं. आम्ही हसायचो, पण जपून. सरांच्या आतल्या खोलीत त्यांची बायको, आमच्या वहिनी, पडून होत्या. तीन वर्षांपूर्वी मेंदूत गुठळी अडकली, उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांना उठवायलाच हा खटाटोप, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

परवा रविवारी दुपारी सरांनी भिंतीवरून हाक मारली. गेलो, तर नळीत गुठळी नव्हतीच, नुसतं लाल पाणी. मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. "सर, जिंकलात! आता वहिनी उठणार!"

मी नापास झाल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तिची गुठळी कवाच गेली, सर. मेंदूचा तेवढा तुकडा मेला. त्याला औषध न्हाई."

"मग हे कशाला करताय?" मी चिडलोच.

"हात मोकळे ऱ्हायले की तेच आठवतं. गुठळीचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं. मला ठाव होतं. म्या शिकवतो ना ते! पण मेव्हणा म्हणला, कबुतराचं गरम रक्त चोळलं की लकवा जातो. सासू पाया पडली. म्हणलं, चोळू अन् दवाखान्यात निघू. एकानं भागंना, म्हणून मेव्हणा दुसरं धुंडाया गेला. दिवस गेला त्यात." सरांनी नळी खाली ठेवली. "कबूतर म्याच धरलंतं."

तेवढ्यात आतून खाट वाजली. दारातून पाहिलं, तर वहिनींचा डावा हात वर आला होता आणि पंखासारखा फडफडत होता.

"काय म्हणतात?"

"आजून एक कबूतर आण म्हणती. रोज म्हणती. पयल्यानं जरा फरक पडलता, असं वाटतं तिला."

सरांनी हात धुतले, आत गेले आणि "आणतो, उद्या आणतो," म्हणत वहिनींचा उजवा हात चोळू लागले.