निलाक्कांचा फ्रिज गळत नाही

फ्रिज गळतोय म्हणून मेकॅनिकला बोलावणारी माणसं घरोघरी सापडतील. गळायचा थांबला म्हणून बोलावणारी बाई मी आजवर एकच पाहिली. आमच्या निलाक्का.

"रफिक, माझा फ्रिज बिघडलाय," त्यांनी फोनवर ठणकावून सांगितलं. "पानी गळंना झालंय."

रफिकभाईंचं उमरग्यात हायवेला दुकान आहे. तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं त्यांनी पाहिलीत, पण हे ऐकून त्यांनीही पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "अक्का, गळायचं बंद करायला मी येतो. गळायला लावायचं मला येत न्हाय ओ."

"ये तर आधी," म्हणून अक्कांनी फोन ठेवला.

आता हे कळायचं तर मागचं थोडं सांगावं लागेल. मी वाशीहून लग्न होऊन या गल्लीत आले, तेव्हा सगळ्या गल्लीत फ्रिज एकच, निलाक्कांचा. त्यांच्या मालकांचं आडत दुकान होतं. त्यांनी हौसेनं सोलापूरहून टेम्पोत घालून आणलेला. पुढं मालक गेले, मूलबाळ नव्हतंच, घरात उरल्या अक्का आणि तो फ्रिज. पण फ्रिज अक्कांचा असला तरी आतला माल सगळ्या गल्लीचा होता. शिंपीमामांचं इन्सुलिन, कुणाचं इडलीचं पीठ, कुणाचा खवा, आमची कणीक. प्रत्येकाची जागा ठरलेली. वरच्या कप्प्यातला उजवा कोपरा आमचा. तिथं दुसऱ्याची वाटी सरकलेली दिसली, की अक्का ती उचलून तिच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायच्या आणि वाटीलाच दटावायच्या, "आपल्या घरी ऱ्हावं बाई."

कणीक न्यायला जावं, तर नुसती कणीक घेऊन परत येता यायचं नाही. "बा, कुंद्रु," म्हणजे ये, बस, हे त्यांचं कानडी पालुपद. बसलं की चहा, चहा झाला की शेंगा. घरी सासूबाई भाकरीच्या तव्यापाशी माझ्या नावानं खडे फोडत असायच्या.

अक्कांच्या घरात महादेवाचं सोवळं कडक. अंडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पण समोरच्या मंदावहिनींच्या पोराला व्यायामाचं वेड लागलं आणि एका भर उन्हाळ्यात वहिनी कापडी पिशवी घेऊन आल्या. "बटाटे आहेत अक्का, दोन दिवस ठेवू का?" अक्कांनी पिशवी हातात तोलली, कानाशी हलवली, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाल्या, "लई नाजूक बटाटं दिसतंय गं. खालच्या कप्प्यात ठेव. वर दारावर महादेवाचा फोटू हाय, त्याला दिसाय नको." पुढं ते नाजूक बटाटे कायमचे मुक्कामाला आले.

आता इतकी माणसं दिवसभर दार उघडझाप करणार म्हटल्यावर फ्रिज गळणारच की! उन्हाळ्यात तर रोज सकाळी खाली डबकं. गावाला नळ आठवड्यातनं एकदा, अक्कांच्या फ्रिजला रोज. मग हातात फडकं घेऊन अक्का ओट्यावर उभ्या राहायच्या आणि हाक द्यायच्या, "कुनी गरम ठेवलं गंऽऽ?"

गल्ली चिडीचूप. गरम सगळ्यांनीच ठेवलेलं असायचं.

मग तपास सुरू. आधी दाराचं रबर. त्यासाठी शिंपीमामांच्या लेकीची लग्नपत्रिका त्यांनी जपून ठेवली होती. पत्रिका दारात अडकवायची, दार लावायचं आणि ओढायची. निसटली तर रबर सैल, अडकून राहिली तर घट्ट. "अडकली! लग्न पक्कं हाय," असं जाहीर करून त्या पुढच्या तपासाला लागायच्या. मग मागच्या भिंतीतलं पाणी जायचं भोक. त्यात खराट्याची काडी घालून हलक्या हातानं फिरवायची, वरून कोमट पाणी सोडायचं. एकदा त्यातनं कोथिंबिरीची काडी निघाली. ती चिमटीत धरून अक्का दारोदार फिरल्या, "ही कोथमीर कुनाची? खरं सांगा. मानूस खोटं बोलंल, पानी खोटं बोलत न्हाय." शेवटी मीच कबूल झाले. शिक्षा म्हणून फरशी पुसायला लावली आणि वर चहा पाजला. खरं सांगते, त्या चहासाठी मी पुढंही दोनदा दुसऱ्याची कोथिंबीर माझ्या नावावर घेतली.

मग काय, दिवस पालटले. हप्त्यानं फ्रिज मिळायला लागले. आधी मंदावहिनींचा आला, बटाटे गेले. मग शिंपीमामांचा आला. एकेक कोपरा रिकामा होत गेला. सगळ्यांत शेवटी आमचा, यंदाच्या दसऱ्याला. पूजेला अक्कांनाच बोलावलं. हळदकुंकू वाहून त्यांनी दार उघडून बघितलं, मागचं भोक बोटानं चाचपलं आणि म्हणाल्या, "झ्याक हाय. भांडी भिंतीला चिकटवून ठेवू नको. गरम तर अजिबात न्हाय." जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या, आता रोजचं पुसणं तरी वाचलं.

आणि दिवाळी झाली न झाली तोच रफिकभाईंना तो फोन!

रफिकभाई आले. मीही गंमत बघायला गेले. त्यांनी फ्रिज पुढं ओढला, मागचा पाणी साठायचा ट्रे काढला. ठणठणीत कोरडा. "अक्का, फ्रिज एकदम चांगला हाय," ते म्हणाले. "भायेरची गरम हवा आत गेली, की तिचं पानी होतंय. दार उघडलंच न्हाय तर पानी कुठनं येनार?"

अक्का त्या कोरड्या ट्रेकडं बघत राहिल्या. "म्हंजे मानसं न्हाईत म्हनून पानी न्हाय," त्या म्हणाल्या. रफिकभाईंनी मान खाली घातली आणि फ्रिज पुन्हा भिंतीला लावला.

ते गेल्यावर मी सहज फ्रिजचं दार उघडलं. आत लख्ख पुसलेले कप्पे, सगळे रिकामे. अक्कांचं एवढंसं दुधाचं पातेलं आणि दह्याची वाटी खाली भाजीच्या खणात अंग चोरून बसलेली.

"अक्का, एवढी जागा आहे, वर ठेवा की."

"वर कुठं ठिवू? त्यो तुझा कोपरा. ह्यो शिंप्याचा. तिथं मंदी बटाटं ठिवती." मग रिकाम्या कप्प्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "कधी कुनाला लागलं तर? आले आन् जागा न्हाय म्हनू का?"

मी घरी गेले आणि कणकेचा डबा घेऊन परत आले. "आमच्या फ्रिजमध्ये जागाच उरली नाही अक्का. ठेवता का?"

"खोटारडी! कालच बघितलंय, म्हस मावंल तुझ्या फ्रिजात." पण डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, झाकण दाबून बघितलं आणि वरच्या कप्प्यात उजव्या कोपऱ्यात ठेवला. ठेवल्यावर जरा डावीकडं सरकवला. मग पुन्हा उजवीकडं.

तेव्हापासून आमच्या घरात फ्रिज असून कणीक अक्कांकडं. नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय. म्हणू दे.

परवा सकाळी मी केस विंचरत होते, तेवढ्यात ओट्यावरून हाक आली. किती दिवसांनी! "कुनी गरम ठेवलं गंऽऽ?"

मी तशीच धावले. फ्रिजखाली हे एवढं पाणी. मी मागं हात घालून ट्रे चाचपला, तर कोरडा. आणि फ्रिजशेजारी तांब्या पालथा, काठाला अजून थेंब लोंबतोय. पाणी कुठनं आलं ते कळायला मला रफिकभाईंची गरज नव्हती. अक्का फडकं घेऊन माझ्याकडं बघत होत्या. पोरीनं चोरी पकडली तर काय, अशी धाकधूक त्यांच्या डोळ्यांत होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मीच ठेवलं अक्का," मी म्हणाले. "रात्री आमटी ठेवली होती. गरमच."

"तरी म्हनलं!" अक्कांचा चेहरा असा फुलला! फडकं माझ्या हातात देऊन त्या चहाचं आधण ठेवायला वळल्या. "पुसून घे नीट. आन् मग बा, कुंद्रु."