शोकेसमधली झोप

गादीच्या दुकानात काम करणाऱ्याने गादीवर बसायचं नाही, असा मालकांचा कडक नियम होता आणि भाऊ तो इमानेइतबारे पाळत. पण त्या दुपारी काचेच्या शोकेसमधल्या पलंगावर चादर घालताना त्यांना धाप लागली. ही धाप जुनी. छातीचे फोटो, हृदयाचा आलेख, रक्त, सगळं तपासून झालं होतं आणि सगळं ठणठणीत निघालं होतं. "तुम्हाला काहीही झालेलं नाही," समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दर वेळी सांगत, आणि भाऊ धापा टाकत घरी येत.

"जरा टेकतो," असं स्वतःशीच म्हणून भाऊ टेकले. टेकले ते आडवे झाले, आणि आडवे झाले ते घोरू लागले.

काच थरथरली. फुटपाथवरची माणसं थांबली.

"जाहिरात असेल," एकजण म्हणाला. "नट झकास आहे."

इतक्यात घोरणं एकदम बंद पडलं. पोट हलेना, छाती हलेना.

"अहो, हा गेला की!"

बायकांनी तोंडावर हात ठेवले. तेवढ्यात भाऊंनी पाणबुड्या वर यावा तसा प्रचंड श्वास घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुन्हा सामसूम. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, कुणी काचेवरचा दुकानाचा नंबर फिरवला.

"हो, आमचंच दुकान," मालक गल्ल्यावरून म्हणाले. "कोण मेलंय? कुठे? आमच्याकडे?"

बातमी घरी पोचली तेव्हा भाऊंच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, स्वयंपाकाच्या ओट्याशी होत्या. त्या हातातल्या झाऱ्यासकट आल्या.

"सरका! काही गेलेले नाहीत ते. रोजचंच आहे हे."

"रोज जातात?"

"रोज. मी कोपराने ढोसते, मग परत येतात."

गर्दीत काचेला नाक लावून डॉक्टरीणबाईही उभ्या होत्या. त्या गर्रकन वळल्या. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कधी? जेव्हा बघावं तेव्हा जागेपणीच तपासलंत त्यांना!"

झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला. रात्री नाकावर लावायचं मशीन आलं. मालक मात्र त्या दुपारी भाऊंवर ओरडायचेच विसरले, कारण गर्दीतल्या अर्ध्या लोकांनी "एवढ्या गोंगाटात झोप लागते? हीच गादी द्या," म्हणून रांग लावली होती.

"भाऊ, उद्यापासून रोज दुपारी इथेच झोपायचं. पगारी!"

पण मशीनने घात केला. भाऊ रात्री गाढ झोपू लागले आणि दिवसा टक्क जागे राहू लागले. धाप अजून लागे, तिचं कारण कुणालाच सापडलं नव्हतं, पण झोप म्हणून येईना. पलंगावर पडल्या पडल्या ते रस्त्यावरच्या ओळखीच्यांना नमस्कार करत.

"रात्री ते मशीन बंद ठेवा," मालक शेवटी वैतागले. "नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

हे कानावर येताच वहिनी पदर खोचून दुकानात आल्या. मालक जेवायला गेले होते.

"येऊ देत. आज बघतेच त्यांच्याकडे," म्हणत त्या शोकेसमधल्या पलंगाच्या कडेला बसल्या. कित्येक वर्षांत त्यांना सलग रात्रभर झोप मिळाली नव्हती. मशीन आल्यापासून तर घरात इतकी शांतता असे, की नवरा खरंच आहे ना, हे बघायला त्या जाग्याच राहत.

मालक परतले तेव्हा बाहेर ही गर्दी! वहिनी तोंड उघडं टाकून, एक चप्पल पायात, एक खाली, अशा झोपल्या होत्या.

"वा वा!" मालक हरखले. "भाऊ, वहिनींना पगार किती द्यायचा ते बोला!"

भाऊंनी शटरकडे पाहिलं. शटर ओढलं असतं तर खडखडाट झाला असता. त्यांनी कपाटातली सर्वांत मोठी डबलबेडची चादर काढली, दोन्ही हात ताणून काचेसमोर धरली आणि गर्दीकडे पाठ करून उभे राहिले.

"अहो भाऊ, गिऱ्हाईक चाललं! आणि असे उभे राहिलात तर धाप लागेल तुम्हाला."

"लागू दे," भाऊ कुजबुजले. "तुम्ही हळू बोला."