रुक्मी प्रश्न विचारते

होस्टेलच्या खोलीत मी नुकतीच वळकटी सोडत होते. समोरच्या कॉटवर मांडी घालून बसलेल्या मुलीनं विचारलं, "पाच वर्षांनी तू सोताला कुठं बघतीस?"

मी अजून तिला नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"आसं न्हाई म्हनायचं. गेलीस मग तू. पुढचा क्यांडिडेट!" आणि तिनं खरंच दाराकडं बघितलं.

ही रुक्मिणी. बीडच्या कॉलेजात कॉम्प्युटरला माझ्याच वर्गात. मी परळीची, वीजकेंद्राच्या राखेच्या गावची. ती पाटोद्याच्या पलीकडची, मेंढपाळाची मुलगी. नोकरीच्या मुलाखतीची तिची तयारी उलट्या बाजूनं चालायची. तिचं म्हणणं असं, की ज्यानं लई प्रश्न विचारलेत, त्याला उत्तराचं भेव राहत नाही. म्हणून ती दिसेल त्याची मुलाखत घ्यायची.

मेसच्या मावशींना तिनं विचारलं, "तुमच्यातला सगळ्यात मोठा दुर्गुन कोन्ता?"

मावशी पोळी लाटता लाटता विचारात पडल्या. "मला कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई बग."

"मंग आजून एक पोळी द्या."

एकदा बसमध्ये कंडक्टरला म्हणाली, "ही नोकरी तुमाला कावून पायजे?" तो म्हणाला, "कोन म्हनलं पायजे?" आणि बीड येईपर्यंत आपली सगळी कहाणी सांगत उभा राहिला. मागच्या सीटवरच्यांची तिकिटं फाडायची राहूनच गेली.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी आमचा गट पडला: रुक्मी, मी, विक्रम आणि अस्लम. विक्रमनं कुठल्याशा सीनियरकडून तयार हजेरीचं ॲप मिळवलं होतं. नाव बदललं की झालं.

"कावून?" रुक्मी म्हणाली.

"कावून म्हंजी काय? मार्क भेटतेत."

"हजेरी कुनाला पायजे? आपल्याला न्हाई. सरांनाबी न्हाई. मंग हे करायचं कुनासाठी?"

तिनं आमच्या एकेकाची मुलाखत घेऊन कामं वाटली. अस्लमला खोटं बोलताना हसू येत नाही, म्हणून प्रेझेंटेशन त्याच्याकडं. विक्रमला सगळं लवकर संपवायचं असतं, म्हणून कोड त्याच्याकडं. "आन् तुला दुसऱ्याच्या चुका लगीच दिसत्यात," ती मला म्हणाली, "टेस्टिंग तुज्याकडं." ही स्तुती होती की काय, ते मला आजही कळलेलं नाही.

प्रोजेक्ट तिनंच ठरवला. पीक निघालं, की शेतकऱ्याला रानात मेंढरं बसवून हवी असतात, खतासाठी. मेंढपाळाला रान हवं असतं. पण दोघांची गाठ पडते ती योगायोगानं. तर एक नंबर असावा. शेतकऱ्यानं फोन करून गाव आणि रान सांगावं, मेंढपाळानं साध्या फोनवरून ते ऐकावं आणि आपण कुठं आहोत ते बोलून ठेवावं. वाचायचं काही नाही, टाइप करायचं काही नाही.

"मेंढरांचं ॲप!" वर्ग आठवडाभर हसला. रुक्मीनं हसणाऱ्यांच्याही मुलाखती घेतल्या.

मला तिचं कुतूहल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. जगाला प्रश्न विचारणारी ही मुलगी स्वतःबद्दल काही सांगायची नाही. दिवाळीत होस्टेल रिकामं झालं तरी ती तिथंच थांबली. "कावून?" मी तिच्याच सुरात विचारलं. "तयारी करायचीय," एवढंच म्हणाली.

पुढं पुण्याची एक कंपनी कॉलेजात आली. रुक्मी मुलाखतीला आत गेली ती लवकर बाहेरच येईना. नंतर कळलं, की तिनंच साहेबांना विचारलं होतं, "तुमच्याकडची मान्सं सोडून कावून जातेत?" साहेब आधी रागावले, मग मन मोकळं करत बसले. तिला नोकरी लागली.

मग प्रोजेक्टची परीक्षा आली. बाहेरून आलेले सर अस्लमचं प्रेझेंटेशन ऐकून म्हणाले, "हे वापरणार कोण?"

"लावा सर फोन," रुक्मी म्हणाली.

सरांनी स्पीकरवर फोन लावला. आधी एका शेतकऱ्याचा बोलून ठेवलेला आवाज आला, ज्वारी निघालीय, रान मोकळं आहे. मग घोगरा, दबकत बोलणारा दुसरा आवाज आला. "आमी तलवाड्याच्या शिवारात हावोत, वड्याच्या कडंला. चार-आठ दिस हितंच हावोत." मागं मेंढरं ओरडत होती. सर मान डोलावू लागले, तेवढ्यात तोच आवाज म्हणाला, "आन् रुक्मे, जेवलीस का गं?"

रुक्मीचा चेहरा लाल झाला. "सर, ते... टेस्टिंगचं हाय," ती म्हणाली.

खोलीवर आल्यावर तिनं मला सांगितलं. तो आवाज बापूचा, तिच्या वडिलांचा. त्यांचा फोन चार्ज होतो तो कुठल्यातरी वस्तीवर, कधीतरी. एरवी बंदच. दिवाळीत ती बॅग भरून बसली होती, पण जायचं कुठं हेच तिला ठाऊक नव्हतं. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरच्यांचं पाल, म्हणजे राहुटी, कुठल्या रानात पडलंय, कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तलवाड्याला गेलो. ओढ्याच्या कडेला पाल होतं. रुक्मीच्या आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि भाकरी वाढली. रुक्मीनं कुणाला एकही प्रश्न विचारला नाही. जेवली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून भर दुपारी झोपून गेली. कुत्रं भुंकलं तर आईनं त्याला खडा मारला.

"पुन्याला जानार म्हनं," आई हळूच मला म्हणाली.

"होय. चांगली नोकरी आहे."

आईनं रुक्मीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "तितं आमाला यिऊ देतेत का गं आत? तुमच्या होस्टेलावर गेटापसूनच माघारी फिरावं लागतंय."

मी काही म्हणायच्या आत, डोळे न उघडताच, रुक्मी म्हणाली, "मोठी खोली घेनार हाय म्या. घोंगडी घिऊनच ये."